आधी वायरी, मग बेस

साउंडच्या धंद्यात नवा पोरगा उतरला की गावात पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॉटचा सेट घेतला?" आकडा जेवढा मोठा, तेवढा मान. पोरगाही मग कर्ज काढून दोन अठरा इंची बेस, त्यावर दोन टॉप (भाषण-गाण्याचे वरचे स्पीकर) आणि एक भलंमोठं अँप म्हणजे अँप्लिफायर घेऊन येतो. माईक दुकानदाराने वर फुकट दिलेला असतो आणि वायरी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून मीटरवर मोजून आणलेल्या. पहिल्याच कार्यक्रमात सरपंचांचं भाषण शेवटच्या रांगेला कळत नाही, अँपवरचे लाल दिवे मात्र जोरात नाचत असतात.

वॉटचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. साधारण बऱ्या बारा इंची टॉपच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी ९७ डेसिबल लिहिलेली असते. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. दोनशे वॉट दिले की त्यात २३ मिळवायचे, झाले १२०. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणून १६ मीटरवर २४ वजा; उरले ९६. कुजबुजणाऱ्या मांडवाचा स्वतःचा आवाज ६०-६५च्या आसपास धरला, तर त्याच्या १५ डेसिबल वर भाषण असलं की शब्द न् शब्द कळतो. लागतात ८०, हातात आहेत ९६. आता दोनशेचे हजार वॉट केले तर किती वाढले? फक्त ७ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, आणि त्यासाठी पॉवर दहापट. शिवाय पत्रकात तीन आकडे असतात, ३००, ६००, १२०० असे. स्पीकरचा खोका तासन् तास पहिल्या आकड्यावर जगतो, दुकानदार तिसरा सांगतो.

तेव्हा शेवटच्या रांगेला भाषण कळलं नाही, तर दोष बहुधा पॉवरचा नसतो. माईक तोंडापासून लांब असतो, खोके लोकांच्या डोक्याच्या उंचीला ठेवलेले असतात, किंवा पत्र्याच्या मंगल कार्यालयात खोक्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे असतात आणि सगळा आवाज परत येऊन शब्दांवर पडतो. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. स्टँड वर उचला, हॉर्न डोक्यांच्या बराच वर, सव्वादोन-अडीच मीटरवर न्या, खोका थोडा खाली झुकवून मधल्या-मागल्या रांगांकडे वळवा. माणसांचे कपडे आवाज पितात, पत्रा पीत नाही.

म्हणून माझं मत असं की खरेदीचा क्रम उलटा हवा. आधी विजेचं सामान आणि वायरी, मग माईक आणि स्टँड, मग मिक्सर, मग दोन बरे टॉप. बेस सगळ्यात शेवटी. तोवर लागेल तेव्हा भाड्याने.

शिकायचं कुठे, हा दुसरा प्रश्न. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनी शिकवतात, पण तो सिनेमाचा. मांडवातला साउंड अजूनही कुणाच्या तरी टेम्पोत बसूनच शिकावा लागतो. वर्षभर हेल्परकी करावी, खोके उचलावेत, वायरी गुंडाळाव्यात. आणि स्वतःचा माल घेतला की लग्नाच्या मागे न लागता पहिली ऑर्डर अखंड हरिनाम सप्ताहाची घ्यावी. पैसे कमी मिळतात, पण एकाच मांडवात सात दिवस काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन असं पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असतं आणि रोज नवे कीर्तनकार. सोमवारी जे चुकलं ते मंगळवारी दुरुस्त करायची सोय दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात नाही.

कीर्तनात साउंडवाल्याची परीक्षा कशी होते बघा. मधोमध कीर्तनकार, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, एका बाजूला पखवाज, दुसऱ्या बाजूला पेटी आणि गायक मंडळी. नव्या माणसाला वाटतं, जितके माईक तितका साउंड भारी. तो टाळकऱ्यांपुढेही चार माईक लावतो. टाळाचा आवाज आधीच इतका तीक्ष्ण असतो की तो कीर्तनकारांच्या माईकमध्येही शिरतो. त्याला वेगळा माईक कशाला? शिवाय उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी (स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून होणारी) सुरू होण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने कमी होतो. एकाचे आठ केले की ९ डेसिबल गेले. पॉवरच्या भाषेत आठपट, म्हणजे हजार वॉटचा सेट सव्वाशेचा झाला आणि दोष आला मिक्सरवर. कीर्तनकारांना एक, गायकांना दोन, पेटीला एक, पखवाजाला एक किंवा दोन, एवढं पुरे. चाल चालू नसेल तेव्हा गायकांचे फेडर (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्ट्या) खाली आणि निरूपणाच्या वेळी पखवाजाचाही. कीर्तनकारांनी "विठ्ठल विठ्ठल" म्हणून हात वर केला की सगळे पुन्हा वर. यासाठी मिक्सरवर बसलेल्याला कीर्तन ऐकावं लागतं. मोबाईल बघत बसणाऱ्याचं हे काम नाही.

माईकचं अंतर ही सगळ्यात स्वस्त पॉवर आहे. तोंड पाच सेंटिमीटरवरून वीसवर गेलं की १२ डेसिबल पडतात, ते भरून काढायला सोळापट वॉट लागतील. कीर्तनकार पुढे-मागे जातात, मान वळवतात. त्यांना स्टँडपाशी खिळवता येत नाही, म्हणून अनेक जण हेडसेटचा माईक मागतात. तो मात्र ओठांच्या अगदी समोर नको, कोपऱ्याजवळ थोडा बाजूला हवा, नाहीतर प्रत्येक 'प' आणि 'भ' बॉम्बसारखा येतो. हातातल्या माईकची जाळी मुठीत धरायची सवय अनेक गायकांना असते. जाळीच्या मागच्या बाजूच्या फटींमुळेच माईक मागचा आवाज टाळू शकतो. त्या झाकल्या की तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. माईक दांड्याला धरा, हे कार्यक्रमाआधी हात जोडून सांगावं.

मॉनिटर, म्हणजे स्टेजवरच्या मंडळींना त्यांचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, कुठे ठेवायचा हेही माईकवर ठरतं. शुअरचा एसएम५८ माईक घ्या. १९६६पासून तो बाजारात आहे आणि पडला-झडला तरी चालत राहतो. तो बरोबर मागच्या बाजूला सगळ्यात बहिरा असतो, म्हणून मॉनिटर माईकच्या थेट पाठीमागे. सुपरकार्डिऑइड जातीचा माईक असेल तर तो मागून थोडं ऐकतो आणि तिरक्या बाजूंना, साधारण १२५ अंशांवर, बहिरा असतो. तिथे मॉनिटर बाजूला सरकवावा लागतो. माईक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, तर कालपर्यंत शांत असलेला स्टेज आज ओरडतो, आणि कारण कुणाला कळत नाही. माईक घेताना एसएम५८च्या नावाचा नकली माल फार मिळतो, तेव्हा लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फिरताना किंमत अर्धी सांगितली की समजून जावं.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, त्यामुळे त्याचा घुमारा खोल असतो. तो माईक दहा-पंधरा सेंटिमीटर लांब आणि थोडा तिरका लावा. अगदी जवळ नेलात तर नुसतं 'धुम' येईल, बोल येणार नाहीत. पखवाज्याचा हात आणि माईक यांच्यात जागा सोडा, लहान स्टँड वापरा, आणि स्टँडचा पाय सतरंजीखाली जाऊ देऊ नका. पेटीचा माईक भात्याच्या हवेपासून दूर, वरून एक वीतभर. मग प्रत्येक बोलणाऱ्या-गाणाऱ्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. स्टेजवरच्या पावलांची धडधड, वारा, मांडवाच्या फळ्यांची कुरकुर तिथेच असते. आवाज डबा-डबा येत असेल तर २५० ते ४०० हर्ट्झमध्ये थोडं कमी करा. नवखे तिथे ट्रेबल वाढवतात आणि मग टाळ कानात घुसतात.

गुलाल आणि बुक्का हे मिक्सरचे सगळ्यात मोठे शत्रू. जेजुरीकडे भंडारा. काल्याच्या दिवशी पंखे असलेली अँपं हे सगळं आत ओढून घेतात आणि फेडरच्या फटीत गेलेली पूड महिन्याभराने खरखर बनून बाहेर येते. मिक्सरवर पातळ प्लॅस्टिक असावं, अँपच्या पुढे जाळी असावी. साफ करताना ब्लोअर मारावा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. फेडरमध्ये तेल सोडायचं नाही. दोन दिवस मऊ चालतो, मग धूळ धरतो.

विजेकडे येऊ, कारण या धंद्यात माल जळतो तो बहुतेक वेळा विजेने. खेड्यात मांडवाला लाईट कुठून घेतलीय हे आधी डोळ्यांनी बघावं. कुणी तारेवर आकडा टाकून दिली असेल, तर साउंड त्यावर लावू नये. भांडण झालं तरी चालेल. संध्याकाळी व्होल्टेज १८०पर्यंत उतरलेलं असू शकतं आणि रात्री लोड कमी झाला की तेच २५०च्या वर जातं. सगळ्यात घातक म्हणजे थ्री फेज जनरेटरचा न्यूट्रल सैल होणं. मग एका फेजवरचे दिवे मंद होतात आणि दुसरीवर २३०च्या जागी ४००च्या जवळ जाऊ शकतं. दिवे अचानक जास्त उजळले तर कौतुक करत बसू नये, मेन बंद करावा.

टेस्टरने हे काहीच कळत नाही, पाकिटात मल्टिमीटर हवा. काहीही जोडायच्या आधी तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २२० ते २४०. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला ११० किंवा शून्य असं काही आलं तर त्या बोर्डातली अर्थ नुसती नावाला आहे. मग स्वतःची अर्थिंगची सळई जमिनीत ठोकायची, ओल्या जागी. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाईट तोडणारा स्विच) बसवलेला आपला स्वतःचा डीबी, म्हणजे वीज वाटणारा बोर्ड, असावा, आणि तो कुणालाही मोबाईल चार्जिंगला देऊ नये. हम (स्पीकरमधला सततचा घूं आवाज) येतोय म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारे महाभाग अजून आहेत. हम जातो, पण पुढच्या वेळी गायकाच्या ओठाला माईकच्या जाळीतून झटका बसतो, आणि पावसात ओल्या स्टेजवर तो शेवटचा झटका ठरू शकतो.

हमचं खरं कारण बहुधा दोनच ठिकाणी असतं. मिक्सर एका फेजवर आणि अँप दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर असले की दोघांच्या अर्थमध्ये फरक पडतो. म्हणून मिक्सरची लाईटही स्टेजवरूनच न्यावी. दुसरं कारण लॅपटॉप. चार्जर लावला की घूं, काढला की गप्प. तिथे दोन-चार हजारांचा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरमधला तारेचा थेट संबंध तोडणारी डबी) लावला की प्रश्न मिटतो. डेकोरेटरच्या डिमरच्या वायरींबरोबर माईकच्या वायरी समांतर नेऊ नयेत. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

लाईट गेली आणि जनरेटर चालू झाला, या मधल्या काही सेकंदांत डिजिटल मिक्सर बंद पडतो आणि पुन्हा उठायला वेळ घेतो. तोवर शिट्ट्या, आरडाओरडा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस मिक्सर आणि कॉर्डलेस माईकच्या रिसीव्हरला पुरतो. अँप त्यावर लावू नये. चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अँप. बंद करताना उलट.

वायर किती जाडीची, हाही अंदाजाचा विषय नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण १.२ ओहम भरतो, १० अँपिअरला १२ व्होल्ट वाटेतच संपतात. अडीचची घेतली तर सात-साडेसात. स्पीकरच्या वायरीतही तेच: वीस मीटर अडीचच्या वायरीत ०.३ ओहम, ४ ओहमच्या लोडवर अर्ध्या डेसिबलहून थोडा जास्त तोटा; चालतं. तिथे ०.७५ची बेल वायर लावली की जवळजवळ २ डेसिबल वायर तापवण्यातच जातात. आणि एका अँपच्या एका बाजूला ८ ओहमचे दोन खोके म्हणजे ४ ओहम. तिसरा जोडला की २.७, मग अँप गरम होऊन बंद पडणार.

गावभर भोंगे लावायचे तर गणित वेगळं. तिथे १०० व्होल्ट लाईन वापरतात, कारण ४० वॉटला ८ ओहमवर सव्वादोन अँपिअर लागतात, तर १०० व्होल्टवर फक्त ०.४. वायरीतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणून तीसपट फरक. अहुजा कंपनीच्या अँपला मागे हे टर्मिनल असतंच. प्रत्येक भोंग्याला लाईन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवा आणि सगळ्या टॅपची (ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॉटची) बेरीज अँपच्या वॉटपेक्षा कमी हवी. ट्रान्सफॉर्मर नसलेलं १६ ओहमचं युनिट चुकून त्या लाईनवर बांधलं तर ते सहाशे वॉट मागतं आणि पहिल्याच अभंगात उडतं.

माईकच्या वायरी खराब होतात त्या वापरून कमी, कोपरावर गुंडाळून जास्त. प्रत्येक फेऱ्याला आत एक पीळ बसतो, आतली बारीक तार शिणते आणि पिनपाशी तुटते. एक फेरा सरळ, एक उलटा असं गुंडाळलं की फेकल्यावर वायर सरळ पसरते. एक्सएलआरमध्ये, म्हणजे माईकच्या वायरीच्या तीन पिनी कनेक्टरमध्ये, पिन १ जाळी (वायरीतलं बाहेरचं तारांचं वेष्टण), २ गरम (सरळ सिग्नल), ३ थंड (उलटा सिग्नल). २ किंवा ३ यांपैकी एक तुटली तर माईक पूर्ण बंद पडेलच असं नाही, पण आवाज बारीक आणि पातळ होतो आणि हम वाढतो. म्हणून लोक माईकला दोष देतात. २ आणि ३ची अदलाबदल झाली तर आणखी गंमत: एकटा माईक ठीक वाजतो, दोन शेजारी लावले की आवाज पोकळ होतो. रेण मारायला, म्हणजे सोल्डर करायला, शिकणं या धंद्यात गाडी चालवायला शिकण्याइतकंच गरजेचं आहे.

मिक्सर मी डिजिटलच घ्या म्हणेन. बेरिंजरच्या एक्सआर१८सारख्या रॅकमध्ये सोळा माईकचे इनपुट, सहा ऑक्स (मॉनिटरसाठी वेगळे आउटपुट), प्रत्येक चॅनेलला फिल्टर, आउटपुटला लिमिटर (आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारा) हे सगळं एका खोक्यात येतं. पण त्याच्या आतल्या वाय-फायवर भरवसा ठेवू नये. मांडवात पाचशे मोबाईल आले की टॅबलेट हातात असून मिक्सर हातातून जातो. बाहेरचा ५ गिगाहर्ट्झचा राऊटर घ्या आणि स्टेजवर उंच ठेवा. कॉर्डलेसही असंच: रिसीव्हर स्टेजजवळ, माणसांच्या डोक्यावर, जुने ७०० मेगाहर्ट्झचे सेट आता घेऊ नयेत, तो पट्टा मोबाईल कंपन्यांकडे गेला. लांब मांडवात १८ मीटरवर दुसरी जोडी लावली तर तिला ५२ मिलिसेकंद उशीर द्यावा, वर दहा आणखी. मग आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो आणि मागच्यांना दोनदा ऐकू येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगीशिवाय लाउडस्पीकर नाही, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत सरकारने जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असू शकतं. सप्ताहात लक्षात ठेवायचं ते असं की पहाटे पाचचा काकडा या वेळेत बसत नाही; तो टाळ-मृदंगावर, माईकशिवाय. परवानगी काढायची जबाबदारी आयोजकांची, पण जप्त होतो तो माल आपला. परवानगीची झेरॉक्स हातात आल्याशिवाय टेम्पो भरू नये.

पैशाचं गणित पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, आषाढात चातुर्मास लागला की बंद. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, मग शिवजयंती, चैत्रातल्या यात्रा, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, भाद्रपदात गणपती, मग नवरात्र. वैशाखाच्या लग्नांत वळीव हमखास येतो, म्हणून मेणकापड आणि स्टँडच्या पायावर ठेवायच्या वाळूच्या गोण्या टेम्पोत कायम हव्यात. मधले रिकामे महिने हप्ता मात्र सोडत नाही. समजा माल चार लाखांचा आणि तो पाच वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला ८० हजारांची झीज. साठ तारखा मिळाल्या तर प्रत्येक तारखेमागे तेराशे रुपये नुसते झिजेचे. त्यावर टेम्पो, दोन हेल्पर, सेल, दुरुस्ती. याच्याखाली भाव सांगणारा गिऱ्हाईक मिळवत नसतो, स्वतःचा माल हळूहळू विकत असतो. पहिला सेट छोट्या हत्तीत एका फेरीत मावेल एवढाच ठेवावा. दुसरी फेरी लागली की नफा डिझेलमध्ये जातो. कंपन्या आणि महाविद्यालयं पक्कं बिल मागतात; सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची होते.

भाव ठरवताना कागदावर लिहावं: किती माईक, किती खोके, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, जनरेटर कुणाचा, हेल्परांचं जेवण कुणाकडे. अर्धे पैसे तारीख धरताना आणि बाकी कार्यक्रमाच्या मध्यावर, आरतीच्या आधी. आरती झाली की प्रसादाची घाई होते, मांडववाला दोऱ्या सोडायला लागतो आणि मंडळाचा खजिनदार नेमका त्याच वेळी पाहुण्यांना एसटीवर सोडायला गेलेला असतो.